तुम्ही विचारलंत म्हणून

"डोळ्यांना धोका आहे हे ठाऊक असून झटक्यांवरचं ते व्हिगाबॅट्रिन दिलंत तरी कसं?" इंदूरला लग्नाची एकही पंगत या प्रश्नाशिवाय उठलेली नाही. मुलाला ट्यूबरस स्क्लेरोसिस आहे, मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी करणारा जनुकीय आजार, हे तुम्हाला माहीतच आहे. जनुकातला दोष आम्हा दोघांत नाही, त्याच्यातच नव्याने आलाय. तेव्हा कुणाच्या घराण्यातून आलं, ते आता पुरे.

पाच महिन्यांचा होता. झोपेतून उठला की मान खाली, दोन्ही हात वर, मग सैल. पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "बघ गं, बाप्पाला जयजय करतोय!" मी मोबाइल काढला. त्या व्हिडिओत माझा आवाज आहे: "अजून एकदा, सोन्या, जयजय!" आणि तो करतो. सोळा वेळा, नंतर मोजले. शेवटी तो रडतो, आम्ही हसतो. तीन आठवड्यांनी डॉक्टरांना तोच व्हिडिओ दाखवला. आवाज मीच बंद केला होता.

ईईजी झाला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. या आजाराच्या बाळांना असल्या झटक्यांवर हेच औषध सगळ्यात लागू पडतं. पण कडेची नजर जाऊ शकते, आणि गेलेली परत येत नाही. मी विचार करायला एक दिवसही मागितला नाही. तीन आठवडे जयजय करण्यात घालवले होते ना.

500 मिलीग्रॅमची गोळी 10 मिली पाण्यात विरघळवायची, सिरिंजने साडेतीन ओढायचं, उरलेलं मोरीत. सकाळ-संध्याकाळ. आठवड्यात झटके थांबले. इथवर माझं चुकलं नाही, कुणीही काहीही म्हणो.

पुढचं तुम्ही विचारत नाही. सहा महिन्यांनी डोस उतरवायचं ठरलं, ईईजी स्वच्छ होता, आणि मीच अडून बसले. आणखी आठ महिने चाललं. औषध जितकं लांबतं तितका धोका वाढतो, हे मला सांगितलेलं होतं. तेव्हाच्या मला आज खडसावायला जाते, तर ती तो व्हिडिओ पुढे करते.

आता तो सहा वर्षांचा आहे. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. नजरेमुळे की मुळातच धांदरट, कोण सांगणार? कडेची नजर तपासताना समोरच्या ठिपक्यावर डोळे ठेवायचे आणि दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. हा बटण सोडतच नाही.

काल पोहे खाताना डावीकडच्या वाटीतली शेव त्याने मान न वळवता उचलली. वाटी तिथे सासूबाईंनी मुद्दाम ठेवली होती का, रोज तिथेच असते म्हणून त्याचा हात गेला का, मी विचारलं नाही.