फुफ्फुसाची दुसरी लाइन

मी मुंबईत एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत बारीक नळी घालून इलाज करतात तिथे, टेक्निशियन आहे. जुलैतला दिवस, हिंदमाताला पाणी भरलेलं, अर्धा स्टाफ वाटेत अडकलेला आणि कॅज्युअल्टीतून फोन आला की खोकल्यातून रक्त पडणारा पेशंट वर पाठवतोय, टेबल रेडी ठेवा. गोवंडीचा रिक्षावाला, पन्नाशीचा. टीबीचा कोर्स कधीच पूर्ण झालाय पण उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला जुनी पोकळी राहिलेली. किडनी ट्रे लालभडक रक्ताने भरत आलेला. त्याला उजव्या कुशीवरच झोपवून आणलं, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. अशा केसमध्ये माणूस रक्त जाऊन मरायच्या आधी गुदमरून मरतो.

नवीन जॉइन झालेल्या पोराने विचारलं, पल्मनरी आर्टरीत, म्हणजे फुफ्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिनीत जायचं ना? सगळ्यांना तेच वाटतं. ती जाडजूड, हृदयाच्या उजव्या बाजूचं सगळं रक्त तिच्यातून जातं, पण प्रेशर किती, तर साधारण 25 वर 10. फुफ्फुसाला दुसरी लाइन पण असते, ब्रॉन्कियल आर्टरी, थेट महाधमनीतून निघणारी, बारीकशी, हृदयाच्या एकूण रक्तातलं जेमतेम 1 टक्का नेणारी, पण प्रेशर आपण दंडाला मोजतो तेच. पोकळीभोवती याच नळ्या फुगतात आणि असं धो धो रक्त आलं तर दहातल्या नऊ वेळा इथूनच येतं.

आमच्या डॉक्टर मॅडमनी जांघेतून कॅथेटर, म्हणजे लांब बारीक नळी, वर नेला. छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या लेव्हलला, डाव्या मोठ्या श्वासनलिकेच्या सावलीजवळ टोक घासत घासत शोधायचं, अडकलं की समजायचं मिळाली. डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडला तर स्क्रीनवर जिलेबीसारखी वेटोळी! मी म्हटलं चला, पार्टिकल्स (नळी आतून बंद करायचे बारीक कण) काढू का, तर मॅडम म्हणाल्या थांब, परत रन घे, म्हणजे डाय सोडून पुन्हा शूट, झूम करून. उजवीकडे ही नळी बरगडीच्या आर्टरीबरोबर एकाच खोडातून निघते आणि त्याच खोडातून कधी मज्जारज्जूची बारीक फांदी पण असते, त्यात पार्टिकल गेला तर पेशंटचे पाय लुळे पडतात. दोनदा बघितलं, नव्हती. तरी मायक्रोकॅथेटर बराच पुढे सरकवला आणि मग 300 ते 500 मायक्रॉनचे पार्टिकल्स, त्याहून बारीक नाही, कारण दोन्ही लाइनींमध्ये छोटे जोड असतात, बारीक पार्टिकल तिथून निसटून भलतीकडे जातो. थोडं थोडं ढकलत राहायचं. हळूहळू डाय पुढे जायचा थांबला, तिथेच उभा, म्हणजे नळी बंद झाली.

बाहेर त्याची बायको, "सिस्टर, नस बंद केली म्हंजे फुफ्फुस सडणार नाय ना?" (आम्ही सगळ्या सिस्टरच.) प्रश्न एकदम करेक्ट! म्हटलं नाही ताई, मोठी लाइन चालू आहे की, उलट फुफ्फुस बदलतात तेव्हा ही बारीक नळी बहुतेक वेळा जोडतही नाहीत. पण पोकळी तिथेच आहे, नवीन नळ्या फुटू शकतात, तेव्हा परत थुंकीत थोडंसं जरी लाल दिसलं तरी रात्र असो नाहीतर पाऊस, थेट इकडे आणा.