पुढचा एक दाता

धामणगाव गढीहून चिखलदऱ्याला भाजी न्यायची म्हणजे माझ्या 100 सीसी गाडीवर दोन कट्टे, 70 किलोच्या आसपास. घाट लागला की दुसऱ्या गिअरात ती दम टाकायची आणि पहिल्यात नुसती ओरडायची. मधली चालच नव्हती. मी कार्बोरेटर साफ करून घेतला, क्लच प्लेटा बदलल्या. पैसे गेले, घाट तसाच राहिला.

शेवटी परतवाड्याचे एक म्हातारे मिस्त्री म्हणाले, "इंजिनले काहून दोष देतं बापा? दाते मोजले का?"

त्यांनी चेनकडचं झाकण काढलं. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ती दातेरी चकती, 14 दात्यांचं, मागचं 42. गाडी मोठ्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. मागच्या टायरवर आणि पुढच्या स्प्रॉकेटवर खडूची एकेक खूण केली आणि चाक मला हळूहळू फिरवायला लावलं. चाकाचा एक फेरा झाला तोवर पुढचं स्प्रॉकेट बरोबर 3 वेळा फिरलं. 42 भागिले 14! इतकी वर्षं गाडी चालवतो, पण गिअर मला त्या दिवशी दिसले.

गिअरबॉक्सच्या डब्यातले चारही गिअर कंपनीनं ठरवलेले असतात, पण प्रत्येकाला शेवटी या 3 नं गुणलं जातं. पुढं 13 दाते बसवले की तो आकडा 3.23 होतो, म्हणजे चाकावरचा जोर साडेसात टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. इंजिनाची ताकद तेवढीच. वेग देऊन जोर घ्यायचा. मागं 45 दाते लावूनही जवळपास हेच साधतं, पण मग चेन लांब लागते. म्हणून पुढचंच बदललं, ढिली पडलेली चेन चाक मागं सरकवून ताणली.

पुढच्याच फेरीत घाटातली बहुतेक वळणं दुसऱ्या गिअरात निघाली. वळणावर गाडी थरथरायची, ते थांबलं. मला किती हायसं वाटलं सांगू!

सपाटीवर मात्र किंमत मोजावी लागते. 60 च्या वेगाला इंजिन आता पूर्वीच्या 64-65 सारखं वाजतं, पेट्रोलही थोडं जास्त जातं. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, म्हणून झिजतेही लवकर. ज्याची गाडी रोज अमरावती रोडवर रिकामी पळते, त्यानं हे करू नये. जुनं 14 चं स्प्रॉकेट मी ऑइलच्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय; भाजीची फेरी बंद झाली की तेच परत बसवीन.