झेनचा डावा पुढचा ब्रेक: तिसऱ्यांदा पॅड घ्यायच्या आधी

गेल्या दिवाळीत आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो, तर डाव्या पुढच्या चाकापाशी करपल्याचा वास. उजवं चाक कोमट आणि डाव्याच्या रिमला हात लावता येईना. गाडी १९९८ची मारुती झेन, कार्ब्युरेटरवाली. पुढे डिस्क, मागे ड्रम. घाटात एवढं चालायचंच म्हणत घरी आलो, डावे पॅड बरेच खाल्लेले दिसले म्हणून पुढचा सगळा संच बदलला आणि विसरून गेलो. अकरा हजार किलोमीटर झाले नाहीत तोच पुन्हा तोच वास. या वेळी घाटाचं निमित्तही नव्हतं, नुसता गारगोटीचा रस्ता.

दीड वर्षातला हा तिसरा संच झाला असता. म्हटलं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात पैसे मोजायच्या आधी पॅड मोजू.

रविवारी सकाळी दोन्ही चाकं उतरवली. (गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त लांब उभा राहतो.) चारही पॅडच्या पाठीवर मार्करने आत, बाहेर, वर, खाली लिहून घेतलं. हे आधीच करा. एकदा पॅड हातात आले की कुठला कुठे होता ते पाच मिनिटांत विसरतं. मग व्हर्निअर. लोखंडी पाठ सोडून नुसता मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर मोजला. उजवीकडे आतला ६.८ मिमी, बाहेरचा ६.६. ठीक. डावीकडे आतला ६.१. आणि बाहेरचा वरच्या टोकाला ५.७, खालच्या टोकाला २.९! टेबलावर ठेवला तर सरळ पाचरीसारखा दिसत होता.

इथे जरा थांबावं लागतं. या कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) पिस्टन एकच, आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो, आणि त्या धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. पिस्टन मागे फिरत नसेल तर सहसा आतला पॅड जास्त झिजतो. ब्रेक ऑइलचा रबरी होज पाइप आतून सुजला असेल तर ऑइल परत जात नाही, दाब अडकून राहतो आणि दोन्ही पॅड घासत बसतात. बाहेरचा एकटाच आणि तोही तिरका खाल्ला गेला, म्हणजे संशय पिनांवर, त्यातही खालच्या.

तरी होजची शंका फेडून घेतली. पॅड परत बसवले, मुलाला पेडल दाबून सोडायला लावलं आणि चाक हाताने फिरवलं. जड. मग कॅलिपरवरचं ब्लीडिंगचं निपल (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) पाव आटा सैल केलं. दाब अडकला असता तर थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं असतं. ऑइल ओघळलं, चाक तसंच जड. म्हणजे भानगड ऑइलची नाही, लोखंडाची. पिस्टनही सी-क्लॅम्पने दाबून पाहिला, एकसारखा आत गेला. (रिझर्व्हायरवर लक्ष ठेवा, ऑइल वर येतं आणि सांडलं तर रंग उचलतं. माझ्या बॉनेटखाली त्याची एक आठवण कायमची आहे.)

आता पिना. वरची दोन बोटांनी आतबाहेर. खालची हलेचना. पाना लावून फिरवत, ओढत दहा मिनिटांनी निघाली तेव्हा मधोमध बोटभर भागावर तपकिरी गंज, त्यात खड्डे, आणि टोकाला काळं, डांबरासारखं घट्ट झालेलं काहीतरी. पाणी अडवणारा रबरी बूट इतका ढिला की पिनेवर नुसता लोंबत होता.

पिन आणि बूट तसेच कागदात गुंडाळून दुकानात नेले. काउंटरवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बूट बोटाने ताणला, वास घेतला.

"सर, ग्रीस कुठलं घातलंय?"

"चेसिसचं."

"मग काय हुतंय! रबर फुगलंय की ह्ये."

चोर घरातलाच निघाला. दोन्ही वेळा पॅड बदलताना मीच हौसेने पिनांना चेसिसच्या डब्यातलं ग्रीस चोपडलं होतं. पेट्रोलियमचं ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही. बूट फुगला, त्याची ओठासारखी कड पिनेवर बसेनाशी झाली, कोल्हापूरच्या पावसाने आत वाट काढली. उजवीकडचेही बूट फुगलेत, पण पिना अजून मोकळ्या. रस्त्याच्या कडेची डबकी डाव्या चाकाच्या वाट्याला जास्त येतात, त्यामुळे असेल.

दुरुस्ती काही मोठी नाही. दोन्ही बाजूंना नवे बूट, डावी खालची पिन नवी (खड्डे पडलेली पिन पॉलिश पेपरने घासून परत घालू नये), भोकं बाटली धुवायच्या ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, अगदी पातळ हात. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे बसतात तिथला गंज कानशीने काढला. ब्रेकची धूळ ओल्या फडक्याने पुसली. कंप्रेसरने उडवली तर ती छातीत जाते. डिस्कची जाडी अजून मर्यादेत आहे, कटिंगला (लेथवर घासून सपाट करायला) दिली नाही. पॅड मात्र दोन्ही चाकांना नवे, कारण पाचर झालेला पॅड परत घातला तर कॅलिपर पुन्हा तिरकाच बसतो.

सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारून पॅड बसवले, पूर्ण न थांबता. घरी आल्यावर तापमानाची बंदूक डिस्कवर धरली: डावी ९१ अंश, उजवी ८७. दुरुस्तीआधी हेच आकडे १४२ आणि ८८ होते.

काल १,५०० किलोमीटर झाले, पुन्हा मोजलं. डावा बाहेरचा पॅड वर ९.० मिमी, खाली ८.८. हे दोन दशांश व्हर्निअर धरण्यातले आहेत की कॅलिपरमधले, ते ३,००० ला कळेल.