तुम्ही विचारलंत म्हणून: किती मोतीबिंदू केले की हात तयार होतो?

ग्रामीण रुग्णालयांतून शिकायला आलेले डॉक्टर हे हमखास विचारतात. आकडा सांगता येईल, पण त्यावर आमचा विश्वास नाही. ज्याचं टनेल (डोळ्यात शिरायला पदरांमधून कोरलेला बोगदा) भरवशाचं नाही, त्याला शंभर केसेसनंतरही एकट्याला ऑपरेशनला बसवू नये.

आम्ही शिकवतो ते हाताने करायचं, बिनटाक्याचं एसआयसीएस, म्हणजे छोट्या छेदातून मोतीबिंदू काढणं. फेको (मशीनच्या ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढणं) उत्तमच, पण मशीन महाग. आणि दुर्गम भागात पेशंट येतो तेव्हा मोतीबिंदू बहुधा पिकून तपकिरी, टणक झालेला असतो.

सुरुवात बोकडाच्या डोळ्यावर. डोळा मऊ पडला असेल तर मागच्या नसेतून सलाइन भरून तो ताठ करायचा. मग कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) कडेपासून 1.5 ते 2 मिमी मागे, पांढऱ्या भागावर 6 ते 6.5 मिमीचा छेद, निम्म्या जाडीइतका खोल. तिथून क्रिसेंट पात्याने पदर सोडवत कॉर्नियात 1 ते 1.5 मिमी शिरायचं. पातं पदराखाली धूसर दिसलं तर खोली बरोबर. लख्ख दिसलं तर छत पातळ झालंय, भोक पडणार. दिसेनासं झालं तर खोल गेलंय. टोक वेळेआधीच आत घुसतं आणि आयरिस (बुबुळाचा रंगीत पडदा) बाहेर येऊ लागतो. दोन्ही वेळा तिथेच दामटू नये. छेदाच्या दुसऱ्या टोकाकडून योग्य खोलीवर पुन्हा सुरुवात करावी, आणि शेवटी गरज पडली तर टाका घालायला लाजू नये.

नवशिक्यांची दुसरी खोड काटकसरीची. टनेलचं आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद हवं. अरुंद तोंडातून मोतीबिंदूचा टणक गाभा ओढला की कॉर्नियाच्या आतल्या पेशी खरवडल्या जातात, आणि त्या परत येत नाहीत.

पेशंटवर शिकवताना आधी कृत्रिम लेन्स बसवणं आणि डोळ्यात भरलेलं जेल धुऊन काढणं; टनेल त्यानंतर, गाभा काढणं सर्वांत शेवटी. पेशंट जागा असतो, म्हणून ‘अरे, फाटलं!’ हे ऑपरेशन थिएटरात वर्ज्य. लेन्सच्या पिशवीचा मागचा पडदा फाटलाच तर दचकून हत्यार बाहेर काढायचं नाही. आधी बाजूच्या छिद्रातून जेल भरायचं, मग हत्यार काढायचं. नाहीतर डोळ्याची पुढची पोकळी बसते आणि मागचा व्हिट्रियस (डोळ्यातला चिकट, घट्टसर द्रव) पुढे येतो.

निकाल चार ते सहा आठवड्यांनी तपासायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या निकषानुसार उपलब्ध चष्म्यासह निदान 80 टक्के डोळ्यांना 6/18 (निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून) किंवा त्याहून चांगलं दिसावं. 6/60 पेक्षा कमी दिसणारे 5 टक्क्यांच्या आत असावेत. जे तपासणीला आलेच नाहीत त्यांना ‘बरे झाले’मध्ये धरायचं नाही, आशाताईंकडून निरोप धाडून बोलवायचं.