त्वचेचा टीबी: बायोप्सीआधी दोन बाटल्या आहेत ना, ते बघा

त्वचेच्या टीबीचा संशय आहे म्हणून बायोप्सी सांगितली असेल, तर टेबलावर झोपायच्या आधी विचारा की त्वचेचा काढलेला तुकडा किती बाटल्यांत जाणार. एक फॉर्मेलीनची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरी निर्जंतुक सलाईनची, कल्चर (जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी) आणि जीन एक्स्पर्ट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी झटपट तपासणी) यांसाठी. फॉर्मेलीनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरमध्ये वाढणार काय?

माझा सगळा तुकडा फॉर्मेलीनमध्ये टाकला. गुडघ्याखालचा तो लालसर चट्टा आधी गजकर्ण समजून मलमं लावली होती. खाज नाही, दुखणं नाही, नुसता कडेने पसरत होता. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणाऱ्या सुजेच्या पेशींची गाठ) दिसला, पण कल्चरच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "ताई, फॉर्मेलीनमधलं चालत नाही." वर त्वचा विभागात गेले तर, "आम्ही पाठवलंय, खालीच विचारा." भांडुपहून गर्दीच्या लोकलने यायचं, केसपेपर काढायचा आणि या दोन मजल्यांमध्ये फिरायचं. चूक कोणाची हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. पुन्हा सुई, पुन्हा टाके, आणि कल्चरसाठी सहा आठवडे थांबा. मुंबईत औषधांना दाद न देणारा टीबी इतका असताना हा तुकडा वाया जातोच कसा, याचा राग अजून आहे.

जीन एक्स्पर्ट निगेटिव्ह आलं. त्वचेत जंतू फार थोडे असतात, म्हणून निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं होत नाही, हे त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. ग्रॅन्युलोमा, मॅन्टू (हातावर सुई टोचून करतात ती टीबीची चाचणी) आणि चट्ट्याचं रूप बघून त्यांनी कल्चरची वाट न पाहता गोळ्या सुरू केल्या. निदान झालं ल्युपस व्हल्गॅरिस, म्हणजे त्वचेच्या टीबीचाच एक प्रकार.

पुढचं सुरळीत झालं. पालिकेच्या आरोग्य केंद्रात औषधं फुकट. दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. निक्षयमध्ये (टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) नोंद झाली की पोषण आहाराचे महिना 1000 रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर 2024 पासून, आधी 500 होते). बँकेचं पासबुक पहिल्याच दिवशी न्या.

सासूबाईंनी माझं ताट वेगळं काढलं होतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, आणि त्वचेचा टीबी खोकल्यातून पसरत नाही. तो एक्स-रे मी त्यांना डॉक्टरांकडूनच समजावून घ्यायला लावला. ताट परत एकत्र आलं.

लघवी केशरी होते ती या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नका. पण त्यातलंच इथॅम्ब्युटॉल हे औषध चालू असताना नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.