तुम्ही विचारलंत म्हणून : एनबीएत न खेळलेला माझा आवडता खेळाडू

मी बास्केटबॉल शिकवतो. मैदानावर नवी मुलं आली की पंधरा दिवसांत हा प्रश्न येतोच. "सर, तुमचा आवडता प्लेअर कोण?" मुलांनी मनात लेब्रॉन, करी, जॉर्डन अशी एनबीएतली, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगमधली नावं धरून ठेवलेली असतात. मी म्हणतो, काइल हाइन्स. मग एकमेकांकडे बघणं होतं, कुणीतरी घरी जाऊन मोबाइलवर शोधतं आणि दुसऱ्या दिवशी पालकांसह हजर. "सर, तो तर एनबीएत एकही मॅच खेळलेला नाही!" गेल्या महिन्यात एका मुलीच्या बाबांनी हेच जरा काळजीनं विचारलं. त्यांना वाटलं असावं, एनबीएपर्यंत न पोचलेल्या माणसाचं उदाहरण मुलांपुढे ठेवून मी त्यांची स्वप्नं लहान करतोय. मी तेव्हा घाईत होतो, त्यांना नीट सांगता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो.

काइल हाइन्स न्यू जर्सीचा. उंची सहा फूट सहा इंच. आपल्याकडे एवढा माणूस बसमध्ये चढला तर सगळे वळून बघतील, पण बास्केटबॉलमध्ये बास्केटच्या बोर्डाखाली खेळणाऱ्यासाठी, म्हणजे सेंटरसाठी, ही उंची कमी. सेंटर म्हणजे पावणेसात-सात फुटांचा असा तिथला सर्वसाधारण हिशेब. मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठाऐवजी हाइन्स २००४ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेत गेला. चार वर्षांत त्यानं दोन हजारांहून जास्त गुण, हजाराहून जास्त रीबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि तीनशेहून जास्त ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) केले. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र जमलेले खेळाडू बोटांवर मोजण्याइतके आहेत. टिम डंकन, डेव्हिड रॉबिन्सन, अलोन्झो मोर्निंग या पुढे एनबीए गाजवलेल्यांच्या पंगतीत ग्रीन्सबरोचा हा पोरगा बसतो. २००७ साली सदर्न कॉन्फरन्सचा, म्हणजे त्याचं कॉलेज ज्या गटात खेळायचं त्याचा, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याच हंगामात त्याच कॉन्फरन्समध्ये डेव्हिडसन कॉलेजकडून पहिल्या वर्षाचा एक हडकुळा मुलगा खेळत होता, स्टेफन करी.

करीचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. हाइन्सचं असं झालं : २००८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, साठ नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं.

इथे मला थोडं माझं सांगायला हवं. मी पाच फूट दहा इंच, आणि कॉलेजात सेंटर खेळायचो, कारण बाकीचे माझ्याहून बुटके होते. बोर्डाखाली धक्के खात चेंडू काढण्यात मला जे सुख मिळायचं ते दुसऱ्या कशात नाही. एका निवड शिबिरात सामने सुरू होण्याआधीच भिंतीला लावून आमची उंची मोजली आणि मला बाजूला बसवलं. चेंडू हातात घ्यायचीही वेळ आली नाही. त्या दुपारचं ऊन मला अजून आठवतं. त्यामुळे साठ नावं संपली आणि आपलं आलं नाही, ही गोष्ट मी ऐकतो तेव्हा ती मला लांबची वाटत नाही.

ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्या कॉलेज खेळाडूपुढे एक रस्ता असतो, परदेशाचा. एजंट फोन करतो, अमुक देशात, अमुक गावात जागा आहे. करार बहुतेक वर्षाचा. क्लब राहायला फ्लॅट आणि फिरायला गाडी देतो. बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडू किती घ्यायचे याला मर्यादा असते, म्हणून त्या मोजक्या जागांवर आलेल्या अमेरिकन पोराकडून पहिल्या सामन्यापासून गुणांचा पाऊस अपेक्षित असतो. चार सामने वाईट गेले की पहिलं तिकीट त्याचंच कापलं जातं. लहान क्लबांमध्ये पगार थकण्याचे प्रकारही जुने आहेत. भाषा येत नाही, स्वयंपाक येत नाही, वय बावीस.

हाइन्स गेला वेरोलीला. रोमच्या आग्नेयेला डोंगरावर वसलेलं जुनं गाव, वस्ती वीस हजारांच्या आसपास, आणि संघ इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत. दोन वर्षं तो तिथे खेळला. मग जर्मनीत बाम्बर्गला गेला. बाम्बर्गही छोटंच शहर, पण बास्केटबॉलचं वेड असलेलं. २०११ साली बाम्बर्गनं जर्मन लीग आणि कप दोन्ही जिंकले आणि त्याच मोसमात हाइन्सला युरोलीग पहिल्यांदा खेळायला मिळाली. युरोलीग म्हणजे युरोपातल्या सर्वांत बलाढ्य क्लबांची स्पर्धा. एनबीएनंतर जगात नंबर लागतो तो हिचा.

आता हा माणूस मैदानावर नेमकं काय करायचा ते सांगतो, कारण माझा जीव गुंतलाय तो त्याच्या करंडकांत नाही, तर या कामात.

बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळा खेळली जाणारी चाल म्हणजे पिक अँड रोल. चेंडू गार्डकडे, म्हणजे चाल रचणाऱ्या चपळ खेळाडूकडे असतो. त्याचा उंच साथीदार येऊन गार्डला अडवणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, हा झाला पिक. गार्ड त्या भिंतीला घासून सुटतो. आता त्या उंच माणसाला धरणाऱ्या सेंटरनं करायचं काय? मागे सरकला तर गार्ड मोकळा शॉट मारतो. पुढे धावला तर मागे बास्केट उघडं पडतं. तिसरा उपाय म्हणजे स्विच : सेंटरनं थेट गार्डला धरायचं आणि गार्डवाल्यानं उंच माणसाला. कागदावर सोपं आहे. पण सात फुटांचा सेंटर चपळ गार्डपुढे मोकळ्या जागेत सापडला की त्याचे पाय एकमेकांत अडकतात, आणि सगळं स्टेडियम उभं राहतं.

हाइन्सचे पाय अडकत नसत. कंबर खाली, हात पसरलेले, पावलं छोटी छोटी. उडी नाही, झडप नाही. युरोपातले सर्वांत चलाख गार्ड त्याच्यापुढे डावीकडे जाऊन बघत, उजवीकडे जाऊन बघत, आणि शॉट मारायची वेळ संपत आली की चेंडू दुसऱ्याला देऊन टाकत. हे आकड्यांच्या तक्त्यात येत नाही. तिथे रकाना आहे गुणांचा, रीबाउंडचा, ब्लॉकचा. 'समोरच्यानं विचार बदलला' असा रकाना नाही.

आणि दुसऱ्या क्षणी तोच माणूस बोर्डाखाली आपल्यापेक्षा अर्धा फूट उंच सेंटरला धरून असायचा. तिथलं त्याचं तंत्र मी मुलांना तासन् तास शिकवतो. उंच माणसाशी उंचीनं भांडायचं नाही. तो चेंडू मागायला वाकायच्या आधी आपण त्याच्याहून खाली जायचं, आपला खांदा त्याच्या कमरेपाशी ठेवायचा आणि त्याला हव्या त्या जागेपासून दोन पावलं बाहेर ढकलायचं. चेंडू त्याला मिळतो, पण दोन पावलं लांब मिळतो. ती दोन पावलंच सामने जिंकतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

अमेरिकेत त्याला खाली धरणारी उंची युरोपात हळूहळू त्याची किंमत वाढवणारी ठरली. २०११ साली ग्रीसच्या ऑलिंपियाकोसनं त्याला घेतलं. देश कर्जात बुडालेला, क्लबनं खर्च कापलेला, मोठी नावं सोडून गेलेली. तरी २०१२ साली इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात ते पोचले. समोर सीएसकेए मॉस्को, किरिलेंको आणि सात फुटी क्रस्टिचचा, पैशानं आणि नावानं कितीतरी मोठा संघ. ऑलिंपियाकोस एकोणीस गुणांनी मागे पडला आणि तिथून सामना ६२-६१ असा जिंकला. शेवटच्या सेकंदातला ऑलिंपियाकोसच्या प्रिंटेझिसचा तो शॉट सगळ्यांना आठवतो, आठवायलाच हवा. पण एकोणीस गुण भरून काढायचे तर समोरच्याला गुण करू न देणारं कुणीतरी लागतं. मी त्या सामन्याचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच हाइन्सचं नाव वहीत लिहून ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी लंडनमध्ये रिआल माद्रिदला हरवून त्यांनी पुन्हा युरोलीग जिंकली. मग ज्यांना इस्तंबूलमध्ये हरवलं त्या सीएसकेएनंच त्याला बोलावलं आणि तो मॉस्कोत सात हंगाम राहिला. २०१६ला बर्लिनमध्ये आणि २०१९ला स्पेनमधल्या व्हिटोरियात त्यांनी युरोलीग जिंकली. २०१२ ते २०१९, सलग आठ वर्षं त्याचा संघ युरोलीगच्या अंतिम चारांत होता. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याला तीनदा निवडलं, २०१६, २०१८ आणि २०२२ साली. तिसऱ्यांदा निवडलं तेव्हा त्याचं वय पस्तीस होतं. ज्या वयात बाकीच्यांचे गुडघे बोलू लागतात त्या वयात तो गार्डांमागे धावत होता.

२०२० साली तो मिलानला गेला, इटलीतच, पण या वेळी पहिल्या श्रेणीच्या शिखरावर. पुढच्याच वर्षी मिलान १९९२नंतर प्रथमच युरोलीगच्या अंतिम चारांत पोचलं. उपान्त्य सामन्यात बार्सिलोनाच्या कोरी हिगिन्सनं अगदी शेवटच्या क्षणी शॉट मारला आणि ते ८४-८२ असे हरले. हिगिन्स हा हाइन्सचा मॉस्कोतला जुना साथीदार. परदेशात खेळणाऱ्यांच्या आयुष्यात हे असंच असतं. काल ज्याच्याबरोबर जेवलात तो आज तुम्हाला घरी पाठवतो, आणि उद्या पुन्हा एकाच ड्रेसिंग रूममध्ये भेटू शकतो. मिलानकडून त्यानं २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन इटालियन विजेतेपदं मिळवली आणि मग खेळणं थांबवलं. वेरोलीपासून मोजलं तर सोळा हंगाम.

त्या मुलीच्या बाबांचं एक म्हणणं मला मान्य आहे. मुलांनी एनबीएचं स्वप्न बघावं, भरपूर बघावं. मी कुणालाही ते सोड म्हणत नाही. पण परदेशात खेळणं म्हणजे हुकलेल्यांची जागा, हे मला साफ नामंजूर आहे. विशेष भृगुवंशी या आपल्याच भारतीय खेळाडूला २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या ॲडिलेड क्लबनं करारबद्ध केलं आणि आपलाच अमृतपाल सिंग त्याच मोसमात तिथल्याच सिडनीच्या संघाकडून खेळला, तेव्हा आम्ही इथे मैदानावर पेढे वाटले होते. मुंबईतल्या नागपाड्याच्या मैदानावर ज्यांनी संध्याकाळी सामने पाहिलेत त्यांना विचारा, साडेपाच-पावणेसहा फुटांची पोरं तिथे बोर्डाखाली कशी घुसतात. आपल्याकडे उंची कमी म्हणून रडणारे खूप आहेत. माझ्या मते आपल्याकडे कमी आहे ते पायांचं शिक्षण. दहा वर्षांच्या मुलाला आपण आधी शॉट मारायला शिकवतो, बचावात सरकायला शिकवत नाही. मग अठराव्या वर्षी तो उंचीला दोष देतो.

म्हणून माझ्याकडे रोज सकाळी पहिली वीस मिनिटं चेंडू नसतो. रेषेपासून रेषेपर्यंत, कंबर खाली ठेवून, आडवं सरकायचं. मुलं कंटाळतात. त्या बाबांची मुलगी तर पहिल्या आठवड्यात रडली होती. वयानं चौदा, संघात सगळ्यांत बुटकी, आणि तिला बोर्डाखालीच खेळायचंय.

परवा पाऊस पडून कोर्ट ओलं झालं, तेव्हा सगळ्यांना शेडमध्ये बसवून लॅपटॉपवर २०१६चा अंतिम सामना लावला, सीएसकेए आणि फेनरबाचे. चेंडूकडे बघायचं नाही एवढीच अट घातली. बेचाळीस नंबरच्या, म्हणजे हाइन्सच्या, पायांकडे बघा. पहिली दहा मिनिटं चुळबुळ चालली होती, दोघं तर खाली मान घालून बिस्किटं खात होते. मग फेनरबाचेचा गार्ड पिकवरून सुटला, हाइन्स स्विच करून त्याच्यापुढे आला, तीन पावलं सरकला, आणि गार्डनं चेंडू मागे देऊन टाकला. गुण नाही, ब्लॉक नाही, समालोचकही काही बोलला नाही.

"सर," मागून त्या मुलीचा आवाज आला, "जरा मागे घ्या ना. परत दाखवा."