पानावर पडणारा प्रकाश मोजताना

सोलापुरात उजेड कमी पडतो, असे म्हटले तर कुणी विश्वास ठेवणार नाही. परंतु एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवरच्या कुंड्यांतली पाने करपू लागतात आणि झाडे घरात आणावी लागतात. घरात तर आपण उन्हाच्या धास्तीने जाड पडदे ओढून बसलेलो असतो. भर दुपारी बाहेर सुमारे १,००,००० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) प्रकाश असताना अशा खोलीत लक्स मीटर जेमतेम शंभर-दोनशे लक्स दाखवतो. डोळे अंधाराला लवकर सरावत असल्याने ही तफावत आपल्याला जाणवत नाही. झाडाला मात्र ती जाणवते आणि त्याच्या दोन पेरांमधले अंतर वाढत जाते.

म्हणून ग्रो लाइट, म्हणजे झाडे वाढवण्यासाठीचा दिवा लावायचा, तर मोजून लावावा. खोक्यावरचा वॅटचा आकडा इथे फारसा उपयोगी नाही, कारण दिवा किती वीज खातो एवढेच तो सांगतो. लक्स हे मापही मुळात माणसाच्या डोळ्यासाठी ठरवलेले आहे: ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट प्रकाशाला त्यात सर्वाधिक वजन मिळते, लाल-निळ्याला फार कमी. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतात, त्यामुळे त्यांच्यासाठी एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन, म्हणजे प्रकाशकण पडतात, हे मोजतात (मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). यालाच पीपीएफडी म्हणतात.

ते थेट मोजणारे क्वांटम मीटर महाग असते आणि चार कुंड्यांसाठी ते घेणे मला पटत नाही. साध्या लक्स मीटरचा आकडा सूर्यप्रकाशासाठी ५४ ने आणि पांढऱ्या एलईडीसाठी साधारण ६७ ने भागला की कामापुरता अंदाज मिळतो. लाल-निळ्या एलईडींच्या जांभळ्या दिव्यांना हा भागाकार लागू पडत नाही; तिथे लक्स मीटर प्रत्यक्षापेक्षा बराच कमी प्रकाश दाखवतो. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळे पडते आहे की नाही, हेही कळत नाही, त्यामुळे घरात पांढराच दिवा बरा. मोबाइलमधल्या ॲपचे आकडे फोनगणिक बदलतात. दोन जागांची तुलना करण्यापुरतेच ते वापरावेत.

मोजणी रात्री करावी, म्हणजे खिडकीतला उजेड त्यात मिसळत नाही. एलईडी तापल्यावर त्याचा प्रकाश किंचित उतरतो, म्हणून दिवा पंधरा-वीस मिनिटे आधी लावून ठेवावा. मीटरचा पांढरा घुमट वरच्या पानांच्या उंचीवर, तोंड वर करून धरावा आणि आपल्या हाताची सावली त्यावर पडू देऊ नये. नुसत्या मधल्या आकड्यावर समाधान मानू नये, ट्रेचे चारही कोपरे पाहावेत.

उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही म्हणून मी लेट्यूस घरात लावतो. दिवा पानांपासून एक फूट उंच असताना ट्रेच्या मध्यभागी ९,००० लक्स, म्हणजे सुमारे १३४ मायक्रोमोल मिळतात. याला ३,६०० सेकंदांनी आणि १४ तासांनी गुणून दहा लाखांनी भागले, तर दिवसभराचा एकूण प्रकाश पावणेसात मोलच्या आसपास येतो. मनी प्लांटला तो भरपूर झाला, परंतु लेट्यूसला साधारण १२ ते १७ मोल लागतात आणि त्या उंचीवर दिवा चोवीस तास जाळला तरी बारा मोल भरत नाहीत. दिवा अर्ध्या फुटावर आणल्यावर मध्यभागी १७,००० लक्स मिळू लागले आणि चौदा तासांत पावणेतेरा मोलचा हिशेब जमला. मात्र एवढ्या जवळून कोपऱ्यांत प्रकाश निम्म्याहून कमी पडतो, म्हणून ट्रे रोज फिरवावा लागतो. विजेचे बिल पाहता दुसरा दिवा घेण्यापेक्षा सध्या हेच परवडते.